दोन फेऱ्या

"आधी फेरी," मी म्हणालो.

"अवं, पण एकदा बसून तर बघू द्या."

"बसायचं सगळ्यात शेवटी. आधी फेरी."

यसानं पदर खोचला, चपला काढून केबिनच्या पायरीखाली जोडीनं ठेवल्या आणि गाडीभोवती चालायला लागली. चपलेनं पायरीवरून पाय सटकतो म्हणून ती गाडीजवळ कायम अनवाणी. मी तिच्या हातात टामी दिली. टामी म्हणजे चाक खोलायची हातभर लोखंडी कांब, दुसरं काही नाही.

"एकेक टायर ठोकायचा. टण्ण वाजला तर हवा हाय. भद्द वाजला तर बसलाय."

तिनं सहाच्या सहा टायर ठोकले. माठ विकत घेताना बायका वाजवून बघतात तसं कान लावून ऐकत होती.

"सगळे टण्ण."

"आता खाली वाक. तेल गळतंय का, पाणी गळतंय का, कोण झोपलंय का."

"गाडीखाली कोण झोपतंय?"

"उन्हाचं कुत्रं झोपतं. हमाल झोपतात. बघ म्हणतो ना."

ती वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"एक कोंबडी हाय."

"तिला उठव."

"अंड्यावर बसलीया."

त्या दिवशी कोंबडी उठेपर्यंत शिकवणी थांबली. मी चिडलो होतो आणि यसा पायरीवर बसून हसत होती. सव्वीस वर्षं झाली त्याला. तिचं ते हसणं मला आठवतं, पण आवाज आठवत नाही. आवाज आधी जातो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझं नाव रंगराव पोवार. भेंडवाडीच्या वरच्या माळावर आमचं घर. वाडीत गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून मी माळावर दोन खोल्या बांधल्या. पुढं लाल मातीचं मोठं अंगण, एका बाजूला गोठा. वाडी खाली, पायवाटेनं दहा-बारा मिनिटं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळं पुष्कळदा यसा माझ्याबरोबर गाडीवर यायची. कोकणातून जांभ्याचा चिरा भरायचा, आंबा घाट चढून वर आणायचा. ती शेजारी बसून शेंगा सोलायची आणि मला झोप लागू नये म्हणून बोलत राहायची.

गाडी शिकायचं तिनं मनावर घेतलं ते त्याच्या आदल्या वर्षीच्या एका दिवसामुळं. भरली गाडी घेऊन घाटात निम्म्यावर आलो आणि मला थंडी भरून आली. हिवताप होता. हात असे कापायला लागले की इस्टेरिंग धरवेना. गाडी कडेला घेतली, तिनं मागच्या चाकाला उटी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून लावायचा लाकडी ठोकळा, लावली, मला गोधडीत गुंडाळलं आणि दुसरा ड्रायव्हर भेटेपर्यंत पाच तास रस्त्यावर उभी राहून हात करत होती. त्यानंतर वर्षभर अधूनमधून एकच बोलणं. "त्या दिवशी मला काय करता आलं न्हाय. परत तसं बसून राहणार न्हाय मी."

म्हणून मी शिकवायला लागलो. चैत्र होता, भाडी कमी होती. रोज सकाळी ती अंगण झाडायची, मग शिकवणी.

फेरी झाली की केबिन. हँडब्रेक ओढलेला आहे का हात लावून बघायचं, डोळ्यांनी नाही. गिअर हलवून बघायचा, लुळा पडला पाहिजे. मग चावी. इंजिन लागलं की हवेच्या काट्याकडं बघत बसायचं.

"किती वेळ?"

"काटा हिरव्यात येईपर्यंत. पाच मिनिटं, कधी सात."

"तवर चहा ठिऊन येतो की."

"उतरायचं न्हाय! हवा न्हाय तर ब्रेक न्हाय. घाई केलेली माणसं घाटाच्या खाली सापडतात. काटा हिरव्यात आला की मग उतरायचं, उटी काढायची, हुकाला टांगायची आणि वर यायचं. हवा भरल्याशिवाय उटीला हात लावायचा न्हाय."

"आणि सुरूच झाली न्हाय तर?"

"तर परत पहिल्यापासनं. उतरायचं, फेरी मारायची, एकेक बघत यायचं. गाडी लबाड बोलत न्हाय, यसे. सुरू झाली न्हाय तर आपलंच कायतरी राहिलेलं असतं."

तिनं मान हलवली. ती कुठली गोष्ट विसरायची नाही. शाळेत गेली असती तर मास्तरीण झाली असती, असं तिचा भाऊ सदाशिव म्हणायचा.

पंधरा दिवसांत ती माळावर गाडी पुढं-मागं घ्यायला लागली. दुसऱ्या गिअरच्या वर मी जाऊ देत नव्हतो. दर वेळी फेरी झाली की खिडकीखाली येऊन सांगायची, "सगळं जाग्यावर हाय." मी म्हणायचो, "मग बस."

हॉर्नचं ठरलेलं होतं. तीन लांब हॉर्न म्हणजे माणसं पाहिजेत. हे फक्त आमचंच नाही, साऱ्या भेंडवाडीला ठाऊक होतं. एकदा म्हैस चरीत पडली तेव्हा यसानं तीन हॉर्न दिले आणि वाडीतून पाच जण दोर घेऊन पळत आले होते. बंडा खोत त्यात होता. तो म्हणायचा, "रंगराव, तुझा हॉर्न वाजला की आमची म्हस पान्हा चोरती."

हा बंडा वाईट माणूस नव्हता. नुसता तोंडाळ. वाडीच्या स्टँडवरच्या चहाच्या टपरीत त्याची बैठक.

एके दिवशी मी टपरीवर बसलो होतो आणि माळावर आमच्याकडं पिंजराची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, बैलगाडी आली. ट्रक गोठ्याच्या वाटेत उभा होता. यसानं फेरी मारली, गाडी सुरू केली, हवा भरेपर्यंत बसली, उटी काढली, ट्रक वीस फूट मागं घेतला आणि परत उटी लावली. गाडीवानानं हे सगळं बघितलं. माळावरून उतरून तो टपरीत आला आणि माझ्यादेखत सगळ्यांना सांगून मोकळा झाला.

"रंगराव," बंडा म्हणाला, "उद्यापासनं गाडीवर वहिनी, मग चुलीवर कोण? तुला भाकरी थापायला येत्यात का?"

"येत न्हाईत," दुसरा कुणीतरी म्हणाला, "पण वहिनी शिकीवतील की. आधी फेरी, मग पीठ."

सगळी टपरी हसली. मीही हसलो. चहा अर्धा ठेवून उठलो.

घरी आलो तेव्हा यसाचं तोंड आनंदानं फुललेलं होतं. मी दारातूनच म्हणालो, "परत गाडीला हात लावायचा न्हाय."

"का? काय मोडलं?"

"मोडलं न्हाय."

"कुणाला धडकवली?"

"न्हाय."

"मग?"

"लोक बोलतात. बंडा म्हणतो, तुला भाकरी थापायला येत्यात का."

"लोकं काय, चार दिस बोलतील. म्हस चरीत पडली तवा म्या हॉर्न दिला, तवा कुणी बोललं न्हाय ते." मग तिनं माझं तोंड बघितलं. हळूच म्हणाली, "तुम्ही जवळ असताना तरी बसू का?"

मी चपला काढून आत गेलो. तिनं गाडीची चावी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. चावी कायम तिथंच असायची.

पुढच्या खेपेला मी मलकापुरात एका वायरमनकडं गेलो. त्याला सांगितलं, चोरांचं भ्या वाटतंय, बॅटरी बंद करायची काहीतरी सोय कर. त्यानं बॅटरीच्या पेटीत आत एक खटका बसवला. त्याला एक लाल चावी. ती फिरवून काढून घेतली की सगळी गाडी मेलेली. इंजिन नाही, दिवा नाही, हॉर्न नाही, काही नाही. पेटीचं झाकण लावलं की बाहेरून काही कळत नव्हतं.

मी यसाला सांगितलं नाही. घरातून एकटा बाहेर पडताना लाल चावी काढून खिशात घालायचो. खिळ्यावरची चावी मात्र तशीच ठेवली. ती काढली असती तर तिनं विचारलं असतं, आणि मला तिच्या तोंडावर सांगावं लागलं असतं. खिळ्यावर चावी दिसत होती, म्हणजे बायकोवर माझा विश्वास आहे असं घरात दिसत होतं.

वैशाखात बंडाच्या पुतण्याचं लग्न निघालं. मांडव खाली वाडीतच. आमची म्हैस दिवसांत आली होती, आज का उद्या असं चाललेलं.

"तुम्ही जावा," यसा म्हणाली. "ही आज व्यायची असं वाटतंय मला. माझ्यासाठी बुंदीचे लाडू आणा. आणि बंडाभावजींना म्हणावं, पुतण्याला भाकरी शिकवा."

ती ते विसरली नव्हती, पण तिच्या मनात डंख नव्हता. मी इस्त्रीचा सदरा घातला. अंगणातून जाताना बॅटरीची पेटी उघडली. यसा गोठ्यात होती, मला पाठमोरी.

मांडवात साडेअकराच्या सुमाराला वाजंत्री चहाला थांबली. नवरदेव यायचा होता. आम्ही दहा-बारा जण सतरंजीवर बसलो होतो.

"वहिनी आल्या न्हाईत?" बंडानं विचारलं. "का मागनं ट्रक घिऊन येत्यात?"

लोक माझ्याकडं बघायला लागले. मला काय झालं कोण जाणे. मी खिशात हात घातला, लाल चावी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"कुठली येती? गाडीचा जीव हितं माझ्या खिशात हाय."

मांडव हसला. बंडानं माझ्या पाठीवर थाप मारली. मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही. पुष्कळ दिवसांनी मला बरं वाटलं.

अक्षता झाल्या, पंगत झाली. रुमालात चार लाडू बांधून मी दोनच्या सुमाराला माळ चढलो. म्हैस ओरडत होती. गोठ्यात गेलो तर ती व्यालेली, रेडकू चाटून कोरडं केलेलं, उभं राहून आचळ शोधत होतं. यसा नव्हती. पिंजराच्या गंजीपाशी वैरणीची अर्धी पेंढी पडलेली, विळा बाजूला.

मी हाक मारली. मग ट्रकचं दार उघडं दिसलं.

पायरीखाली तिच्या चपला जोडीनं ठेवलेल्या होत्या. ती ड्रायव्हरच्या जागेवर बसली होती. कपाळ इस्टेरिंगवर टेकलेलं. डाव्या मनगटाच्या वर लुगड्याचा काठ फाडून आवळून बांधला होता. त्याखाली हात काळानिळा, सुजलेला, आणि बोटाच्या मुळाशी दोन टोचे. उजव्या हाताचा तळवा हॉर्नवर होता. तो मी उचलला तेव्हा थंड लागला.

हँडब्रेक ओढलेला होता. मी हात लावून बघितलं. गिअर लुळा होता. चावी फिरवलेली होती. उटी चाकाला होती, कारण हवा भरली नव्हती. टामी सीटखाली तिच्या जागेवर.

मग मी खाली बघितलं. सकाळी तिनं अंगण झाडलं होतं. लाल मातीत तिच्या अनवाणी पावलांच्या खुणा स्वच्छ उठल्या होत्या. गोठ्याकडून घरात, घरातून गाडीकडं, आणि मग गाडीभोवती. प्रत्येक चाकाजवळ दोन पावलं शेजारी-शेजारी, तिथं थांबून तिनं टायर ठोकला होता. मागं गुडघे टेकल्याची खूण, खाली वाकून बघितलेलं. पूर्ण फेरी.

तिच्या बाहेरून दुसरी फेरी होती. हिच्यात पावलं नीट नव्हती. डावा पाय फरफटत गेलेला. एका ठिकाणी हाताचा पंजा उमटला होता, तिथं ती पडली असणार. पण चाकाजवळ पुन्हा दोन पावलं. पुढच्या चाकाजवळ, मागच्या चाकाजवळ, सगळीकडं.

सुरू झाली नाही म्हणून ती उतरली होती आणि परत पहिल्यापासून बघत आली होती. गाडी लबाड बोलत नाही, आपलंच काहीतरी राहिलेलं असतं.

मी बॅटरीची पेटी उघडली. लाल चावी खिशातून काढताना लाडवांचा रुमाल खाली पडला. चावी लावून फिरवली. यसाला उचलून शेजारच्या जागेवर बसवली, तिथं ती शेंगा सोलत बसायची. चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच फटक्याला सुरू झाली. मग आम्ही दोघं काटा हिरव्यात यायची वाट बघत बसलो. का बसलो मला माहीत नाही. घाईचं काही राहिलं नव्हतं.

मलकापूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, नाग. वैरण काढताना चावला असेल. "अर्ध्या-पाऊण तासात आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. तुमच्याकडं गाडी होती ना?"

"बॅटरीची वायर सैल झाली होती," मी म्हणालो.

तेच पोलिसांना सांगितलं. तेच वाडीला. मांडवात ज्यांनी चावी बघितली होती, त्यांनी ती थट्टा समजली होती; बॅटरीच्या खटक्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. ते माझ्याबरोबर रडत होते. संध्याकाळपर्यंत गाडीच्या चाकांनी आणि माणसांच्या पायांनी अंगणातल्या दोन्ही फेऱ्या मोडून गेल्या. त्या बघितल्या मी एकट्यानं.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिव आला. यसापेक्षा सहा वर्षांनी लहान, कराडला गॅरेजात कामाला. ताईनंच त्याला वाढवलेला. हातात एक पिशवी होती.

"दाजी, बॅटरीच्या वायरीला नव्या क्लिपा आणल्यात. पितळी हाईत, परत सैल व्हायच्या न्हाईत."

"राहू दे, सदाशिव."

"राहू दे कसं? ताईचा जीव त्या वायरीपायी गेला. माझ्या हातानं घट्ट करतो. तुम्ही बसा."

मी उठून त्याला अडवायला हवं होतं. उठलो नाही. तो पाना घेऊन गाडीजवळ गेला, पेटी उघडली. पाना वायरीला लावून बघितला.

"दाजी, वायर तर घट्ट हाय."

तो आणखी आत वाकला.

"हिकडं खटका हाय. लाल चावीचा. हा कधी बसवला?"

"महिना झाला."

"कशाला?"

त्याला मी सगळं सांगितलं. टपरी, वायरमन, मांडव. चावी वर धरली ते. दोन फेऱ्या. बोलताना मी त्याच्याकडं बघत नव्हतो, रेडकाकडं बघत होतो. ते दाव्याला हिसडे देत होतं.

"ताईला माहीत होतं?"

"न्हाय."

"माहीत असतं तर ती गाडीकडं गेलीच नसती. खाली वाडीत गेली असती."

"व्हय."

"गाडीची चावी खिळ्याला होती?"

"व्हय."

मला वाटलं तो मारेल. मारायला पाहिजे होतं. त्यानं पाना पिशवीत ठेवला. क्लिपा ठेवल्या. मग परत पेटीपाशी गेला, लाल चावी फिरवली, केबिनमध्ये चढला आणि हॉर्नवर तळवा ठेवला.

पहिला हॉर्न लांबलचक. माळावरची पाखरं उठली. मग दुसरा. मग तिसरा.

हात काढून तो तसाच बसून राहिला. मी ओट्यावर.

थोड्या वेळानं पायवाटेवर धूळ दिसली. मग माणसं. सात-आठ जण होते, एकाच्या खांद्यावर दोर, एकाच्या हातात काठी. चढावर धापा टाकत येत होते. सगळ्यात पुढं बंडा खोत होता, पायात चपला नाहीत, तोंडाला अर्धी दाढीचा साबण तसाच.

"काय झालं?" तो लांबूनच ओरडला. "रंगराव, काय झालं? कोण पडलं?"

सदाशिव केबिनमधून खाली उतरला. त्यानं लाल चावी काढली आणि ओट्यावर माझ्याशेजारी ठेवली.

"काय न्हाय," तो त्यांना म्हणाला. "हॉर्न खालपातुर ऐकू येतो का, ते बघितलं."